पुसण्याआधी बघा

आमच्या घरात मांजराने ओकलं की फडका आणायला कोणी धावत नाही. आधी आईला हाक जाते. ती चष्मा लावून येते, गुडघ्यावर हात टेकत वाकते, जुन्या लग्नपत्रिकेच्या कडेने समोरचा ऐवज जरा उलगडते आणि निकाल देते. "केसच आहेत. पुसा." किंवा, "जेवण तसंच्या तसं बाहेर. हावरटासारखं गिळलंय मेल्याने." आणि कधीतरी, "हे काही मला बरं दिसत नाही. डॉक्टरांना फोन लाव."

पाहुण्यांना हे बघवत नाही. पण ज्यांच्या घरात तान्हं बाळ होऊन गेलंय त्यांनी तरी नाक मुरडू नये. आज हिरवी झाली, काल फेसाळ होती, दुधाच्या कवड्या पडल्या, यावर वरणभात कालवता कालवता सविस्तर चर्चा करणारी माणसं आपण. बाळाला बोलता येत नाही म्हणून त्याची शी बघायची, हे आपल्याकडे कोणी शिकवावं लागत नाही. मांजरालाही बोलता येत नाही, एवढंच आईचं म्हणणं.

केसांच्या गोळ्यांबाबत मांजरवाल्यांचे दोन पंथ असतात. एक म्हणतो, मांजर आहे, ओकणारच, त्यात बघायचंय काय. दुसरा पहिल्या उबळीलाच मोबाइल काढून कसलीशी पेस्ट मागवतो. दोघांत वाद जुंपतात, पण समोर नेमकं काय पडलंय ते दोघंही बघत नाहीत. मी आईच्या पंथाची.

तर काय दिसतं? ताजा पडलेला गोळा साधारण करंगळीएवढा, ओला, दोन्ही टोकांना निमुळता, मळकट तपकिरी. मांजर फिकट रंगाचं असलं तरी गोळा तपकिरीच, कारण पोटातल्या अन्नाचा रंग त्याला बसलेला असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती शीच वाटते. पोटात असताना तो असा लांबट नसतो, नुसता गुंता असतो. अन्ननलिकेतून वर येताना चेपला जाऊन त्याला हा आकार येतो. पत्रिकेच्या कडेने दाबून पसरला की आत नमद्यासारखा थर निघतो, केस एकमेकांत इतके गच्च बसलेले की ओढून सुटत नाहीत. मधे कोरड्या खाऊचा भुगा, एखादी गवताची काडी. कडेला मात्र काही केस सुटे राहिलेले असतात, आणि त्यांचा खरा रंग ओळखू येतो. हा रंग लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

केस पोटात जातात ते जिभेमुळे. मांजराने हात चाटला की जो खरखरीतपणा लागतो, तो जिभेवरच्या शेकडो बारीक काट्यांचा. काटे केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याचेच, आणि सगळ्यांची टोकं घशाकडे वळलेली. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी या काट्यांचा बारकाईने अभ्यास केला. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. घरातल्या मांजरापासून वाघ-सिंहांपर्यंत सहा जातींच्या जिभा त्यांनी तपासल्या. काट्याच्या टोकाला त्यांना एक पोकळ खोबण सापडली. तोंडातली लाळ त्या खोबणीत आपोआप भरते आणि चाटताना थेट केसांच्या मुळाशी जाऊन उतरते. घाण निघते, अंग थंड होतं, गुंता सुटतो. मांजर जागेपणीचा जवळजवळ चौथा हिस्सा या कामात घालवतं. पण काटे आत वळलेले असल्यामुळे सुटलेला केस थुंकून टाकायची सोय नाही. जिभेवर आला की तो घशातच जाणार.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार आवडली. बाकीच्या जातींमध्ये अंगावरचे केस जिभेखाली दबले की काटे कातडीपर्यंत पोचतात. पर्शियन मांजराच्या बाबतीत ते पोचतच नाहीत. केस इतके दाट आणि लांब की स्वतःच्या जिभेने स्वतःचं अंग नीट साफ करणं त्याला जमत नाही. हे त्याला निसर्गाने दिलेलं नाही. माणसाने शोभेसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून केस वाढवले आणि जीभ होती तेवढीच राहिली. म्हणून अशा मांजराला रोज विंचरणं हा लाड नसतो. जीभ जिथे कमी पडते तिथून पुढचं काम माणसाने करायचं, इतकं ते सरळ आहे.

आमची शेवंती त्यातलीच, अर्धी पर्शियन. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक कुटुंब भाड्याने राहायचं, ते गेलं आणि ही जिन्यात राहिली. हौसेने आणलेली असली मांजरं ठाण्यात जागोजागी मागे सुटलेली दिसतात, आणि जिन्यात आठवडाभर राहिलं की पोटाखाली आणि मांड्यांमध्ये केसांच्या अशा गाठी होतात की कातडी ओढली जाऊन चालताना दुखतं. शेवंतीच्या गाठी कात्रीने कापायला गेलं तर कातडी कापली जाते, म्हणून डॉक्टरांनी मशिनने काढल्या. खालून उघडी, वरून झुपकेदार अशी ती महिनाभर घरात फिरायची, आणि आई तिला बघून रोज नव्याने हसायची.

दुसरा बंड्या. काळाकुळकुळीत गावठी बोका, केस आखूड, तुळतुळीत. त्याला विंचरायची गरज पडत नाही.

आणि तरी गोळे टाकायचा तो बंड्याच. दोन मांजरं असली की कुठला ऐवज कोणाचा हा प्रश्न असतोच, पण ओकताना आम्ही त्याला रंगेहाथ बघितलेलं. आईने पत्रिका चालवली आणि म्हणाली, "अगं, हे केस त्याचे नाहीतच. बघ की, पिवळे आहेत." खरंच फिकट पिवळे आणि बोटभर लांब होते. दुपारी शेवंती पसरलेली असते आणि हा शेजारी बसून तिचं डोकं, मान, कानामागचं सगळं चाटत असतो. तिची जीभ जिथे पोचत नाही, तिथे हा. पुण्यकर्माचं फळ त्याच्या पोटात. त्यामुळे बंड्याच्या ओकाऱ्या कमी करायला आम्ही शेवंतीला विंचरायला लागलो, आणि त्याने खरंच फरक पडला.

आता मुळात हे केस पोटात अडकतात का, तर बहुतेक अडकत नाहीत. केराटिन पचत नाही, पण न पचता पुढे सरकतं आणि शीतून पडून जातं. शीचा ट्रे साफ करणाऱ्याला ते केस दिसतात, फक्त त्याकडे कोणी लक्ष देत नाही. मागे उरतात ते थोडे. आपल्या आणि कुत्र्याच्या पोटात उपाशीपणी ठरावीक अंतराने जोरकस लाट येते आणि उरलंसुरलं पुढे झाडून नेते. मांजरात ती लाट तशी नसते, वेगळ्या धाटणीची असते. शिवाय केस एकमेकांत गुंतले की पोटाच्या पुढच्या अरुंद तोंडातून जाईनात. मग राहिला वरचा रस्ता.

केसाळ मांजराने आठवड्या-दोन आठवड्यांनी एखादा गोळा टाकला आणि लगेच जाऊन वाटीत तोंड घातलं, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आखूड केसांच्या मांजराने तेवढ्याच वेळा टाकला तर मात्र विचारायला हवं. आणि ज्याचं जे ठरलेलं आहे ते बदललं, तर नक्कीच. कारण गोळे वाढण्याची मुळात दोनच कारणं असतात: एक तर केस जास्त गिळले जातायत, नाहीतर पोट-आतडं नेहमीसारखं पुढे ढकलत नाहीये. पहिल्यात पिसवा, खाज, ॲलर्जी, दुखणं, ताण हे सगळं आलं. दुसऱ्यात आतड्याची जुनाट सूज, आणि म्हाताऱ्या मांजरात कधी कधी कॅन्सरही. गोळा सगळ्यांत सारखाच दिसतो.

हंगामाचं म्हणाल, तर केस गळण्याचा संबंध थंडी-उन्हापेक्षा दिवसाच्या लांबीशी जास्त. आपल्याकडे ठाण्यात डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा आणि जूनचा सव्वातेराचा, म्हणजे फरक फार नाहीच. त्यात रात्री बारापर्यंत घरात ट्यूबलाइट. फ्लॅटमधलं मांजर त्यामुळे बारा महिने थोडं थोडं गळत राहतं. काळी पँट घालून बाहेर पडणाऱ्यांना हे सांगायला नको.

इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत भाड्याच्या घरी आलो. नवा टॉवर, वरच्या मजल्यांवर अजून फर्निचरची कामं, सकाळी नऊला ड्रिल सुरू. शेवंती दोन दिवसांत रुळली. बंड्या कपाटावर जाऊन बसला आणि पुन्हा गोळे सुरू झाले. आईने पत्रिका चालवली. या वेळी केस काळे आणि आखूड. त्याचेच.

उचलून उलटा केला तर पोटाचा खालचा भाग, मागच्या दोन पायांच्या मधला, जवळजवळ गुळगुळीत झालेला. केस उपटलेले नव्हते, चाटून चाटून तुटलेले होते. बोट फिरवलं की बारीक खुंट लागायचे. डॉक्टरांनी आधी बारीक दातांची फणी फिरवून पिसवा शोधल्या. ओल्या कागदावर झटकल्यावर पिसवांची घाण तांबूस पसरते, ती पसरली नाही. मग त्यांनी विचारलं, "ट्रेमध्ये किती वेळा जातो?" हे आम्हाला सांगता आलं, कारण आईचं तिकडेही लक्ष असतं: सारखा जातो, थोडंच करतो. लघवीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. जंतू नाहीत, खडे नाहीत, पण मूत्राशयाला सूज. मांजरांमध्ये हे बरंच आढळतं आणि घर बदललं, आवाज वाढले, नवं माणूस आलं की बळावतं. आत दुखतं, म्हणून ते नेमकं त्यावरचं पोट चाटत बसतं. चाटतं म्हणून केस गिळतं, आणि केस गिळले म्हणून आमच्या सतरंजीवर गोळा.

म्हणजे तक्रार होती लघवीची आणि ती तोंडातून बाहेर आली. त्या वेळी पेस्ट चाटवत बसलो असतो तर गोळे कदाचित कमीही झाले असते, आणि दुखणं तसंच राहिलं असतं. औषध दुखण्यावर मिळालं. बाकी सगळे उपाय घरातले: ओलं जेवण, दोन जागी जास्तीचं पाणी, दुसरा ट्रे, आणि कपाटावरच्या त्याच्या जागेला अधिकृत मान्यता म्हणून तिथे आईची जुनी साडी. पोटावर हळूहळू काळी लव आली. एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी बजावून सांगितली आणि ती मी बोका पाळणाऱ्या प्रत्येकाला सांगते: बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि थेंबही होत नाहीये, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. मूत्रमार्ग तुंबला तर एखाद-दुसऱ्या दिवसात जीव जातो.

उबळ ऐकूनही फसायला होतं. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंचं मांजर बरेच दिवस "गोळा काढायचा प्रयत्न" करत होतं. जमिनीलगत बसायचं, मान पुढे लांब ताणायचं, खर्र खर्र ठसके, शेवटी काहीतरी गिळल्यासारखं करून उठून जायचं. गोळा कधी पडलाच नाही. आईने विचारलं, "पोट आत-बाहेर होतं का हो?" नाही. ओकताना पोट जोरात आवळलं जातं आणि शेवटी काहीतरी पडतं. हा खोकला होता, आणि निदान निघालं दम्याचं. मांजरांना दमा होतो हेच पुष्कळांना माहीत नसतं. काकूंकडे रोज धूप, संध्याकाळी डासांची कॉइल, त्यात दिवाळीचा धूर. आता धूप गॅलरीच्या बंद दारापलीकडे गेलाय. असलं काही वाटलं तर मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावं, कारण दवाखान्यात गेल्यावर मांजर हमखास गप्प बसतं.

घरगुती उपायांबद्दल सगळ्यांकडे सल्ले असतात. तूप द्या, खोबरेल द्या. तूप पचतं, आतड्यात वंगण म्हणून काम करायला ते शिल्लकच राहत नाही. बाजारातल्या बऱ्याच पेस्टमध्ये पेट्रोलियम जेली असते ती न पचणारी म्हणूनच. लिक्विड पॅराफिन मात्र सिरिंजने तोंडात सोडू नये. त्याला चव नाही, घशाला ते कळत नाही आणि फुप्फुसात उतरतं. इसबगोल किंवा उकडलेला लाल भोपळा जेवणात थोडा मिसळायला डॉक्टर सांगतात, आमच्याकडे शेवंती भोपळा खाते, बंड्या वाटीकडे पाठ करून बसतो. गवताचं म्हणाल तर गणपतीत दूर्वांची जुडी आमच्याकडे बाप्पाआधी शेवंतीला लागते. मांजर गवत खातं ते केस ओकायला, असा सगळ्यांचा समज. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मांजरवाल्यांची पाहणी केली तेव्हा दिसलं की गवत खाणारी बहुतेक मांजरं आधी आजारी नसतात आणि खाल्ल्यावर ओकतात तीही कधीमधीच. ही जंगली पूर्वजांपासून आलेली, पोटातले जंत काढण्याची खोड असावी, असा त्यांचा अंदाज.

खरी भीती गवताची नाही, दोऱ्याची. रोज सकाळी दाराच्या कडीला फुलपुडी लागते, तिला दोरा. गजऱ्याला दोरा, राखीला दोरा, संक्रांतीनंतर गॅलरीत मांजा. जिभेचे तेच काटे इथे घात करतात: एकदा टोक तोंडात गेलं की मांजर ठरवूनही थुंकू शकत नाही, आत आत घेत राहतं. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलं आणि दुसरं आतड्यात पुढे गेलं, की आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि कापलंही जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, सरळ दवाखाना. सारखी उबळ येतेय, काहीच पडत नाही, जेवण सोडलंय, कोपऱ्यात बसलंय, तरीही तेच. पूर्वी अशा वेळी ठाण्याहून परळला बाई साकरबाईंच्या रुग्णालयात जनावर न्यावं लागायचं, पिशवीत घालून लोकलने, असं आई सांगते. आता घोडबंदर रोडला औषधांच्या दुकानांइतके प्राण्यांचे दवाखाने झालेत. रात्री उघडा कोणता राहतो ते तेवढं आधी विचारून ठेवावं.

आणि पुसायचं कशाने, तेही सांगते. कामाला येणाऱ्या मावशींचा हात सवयीने फिनेलच्या बाटलीकडे जातो. "मावशी, काळं फिनेल नको हं, साबणाचं पाणी घ्या." त्यातलं फिनॉल पचवून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे, पॅरासिटामॉलची एक गोळी त्याचा जीव घेते तीही त्याच कमतरतेपायी. पुसलेल्या ओल्या लादीवरून ते चालतं, पाय चाटतं, आणि जीभ आपलं काम चोख करते. मावशींना आधी हे थेर वाटलं. मग त्यांनी त्यांच्या चाळीतल्या मांजरवाल्यांनाही सांगितलं.

जनावराच्या पोटातल्या गोळ्याला एके काळी सोन्याचा भाव होता, हे मला अलीकडेच वाचायला मिळालं. रानबकऱ्यांच्या पोटात साठलेले खडे विषावर उतारा म्हणून राजेरजवाडे जवळ बाळगायचे. अस्सल मिळेनात तेव्हा सतराव्या शतकात आपल्या शेजारी गोव्यात जेझुइटांनी कस्तुरी, शिंपले, राळ, रत्नांची पूड असं काय काय कालवून नकली खडे बनवले आणि ते युरोपात सोन्याच्या जाळीदार डब्यांतून मिरवले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असा एक डब्यासकट आहे. त्याआधीच, सोळाव्या शतकात, आंब्रोज पारे या फ्रेंच शल्यवैद्याने फाशी ठरलेल्या एका आचाऱ्यावर विष आणि उतारा दोन्ही देऊन बघितलं होतं. आचारी तडफडून मेला. तरी खडे विकले जातच राहिले. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग आपले मी उगाच फेकले म्हणायचे."

आईची ख्याती एव्हाना मजल्याबाहेर गेलीये. सोसायटीतल्या मांजरवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर लोक आता ओकारीचे फोटो टाकतात, खाली "काकू, प्लीज बघा ना". बहुतेक वेळा जेवणाच्या वेळेला. मी फोटो बोटांनी मोठा करून धरते, ती घास हातात ठेवून बघते. परवा ए विंगमधल्या मुलाने पाठवला होता, "हेअरबॉल आहे ना, काकू?" केस त्यात नावालाच होते. आईने दोनदा बघितलं आणि म्हणाली, "त्याला विचार, घरात दुधाच्या पिशवीचे रबर कुठे ठेवतात. आणि सगळे मोजायला सांग."